जोखीम कुणाच्या पदरात?

दोन व्हेरिएबलमधल्या किमतींची अदलाबदल करणारा मॅक्रो लिस्पमध्ये चार ओळींत लिहून होतो. पहिल्याची किंमत तात्पुरती बाजूला ठेवायची, दुसऱ्याची पहिल्यात टाकायची आणि बाजूला ठेवलेली दुसऱ्यात. त्या बाजूच्या जागेला लिहिणाऱ्याने ‘टेम्प’ असं नाव दिलं. मॅक्रो बिनबोभाट चालत राहतो. मग कधीतरी दुसराच कुणी तो वापरतो आणि त्याच्या स्वतःच्या व्हेरिएबलचं नावही नेमकं ‘टेम्प’च असतं. मॅक्रो म्हणजे फंक्शन नव्हे. कंपायलर पुढचं काम सुरू करण्याआधी तो कोडच्या जागी दुसरं कोड लिहून ठेवतो. त्या नव्या कोडमधला ‘टेम्प’ बाहेरच्या ‘टेम्प’ला झाकून टाकतो, सगळी देवघेव आतल्या आत होते आणि बाहेर काहीच बदलत नाही. चूक झाल्याचा संदेश येत नाही, प्रोग्राम कोसळत नाही. अदलाबदल तेवढी होत नाही.

लिस्पवाले या अपघाताला ‘व्हेरिएबल कॅप्चर’ म्हणतात. टिमथी हार्ट यांनी १९६३ मध्ये एमआयटीत लिस्पला मॅक्रो जोडण्याची कल्पना मांडली, तेव्हापासून तो सोबतीला आहे. इलाजही काही काल-परवाचा नाही. कोलबेकर, फ्रीडमन, फेलाइझन आणि ड्युबा यांनी १९८६ मध्ये एक अल्गोरिदम प्रसिद्ध केला. मॅक्रोने आणलेली नावं आणि वापरणाऱ्याची नावं त्यात आपोआप वेगळी राहतात. अशा मॅक्रोंना ‘हायजिनिक’ हे विशेषण चिकटलं आणि लिस्पच्याच घराण्यातल्या स्कीमने तो रस्ता धरला. कॉमन लिस्पचं एएनएसआय प्रमाण त्यानंतर आठ वर्षांनी, १९९४ मध्ये आलं. त्यात कॅप्चरचं दार सताड उघडं आहे. प्रमाण ठरवणाऱ्या समितीला प्रश्न ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. रिचर्ड गेब्रियल आणि केंट पिटमन यांनी १९८८ मध्ये फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावं वेगळ्या कप्प्यांत ठेवावीत की एकाच, याची चर्चा केली, तेव्हा मॅक्रोंमधल्या नावांच्या टकरीचाही ऊहापोह केला होता. दार उघडं राहिलं ते कळूनसवरून.

ते उघडं राहिलं हे बरंच झालं, असं माझं मत आहे. मात्र त्यासाठी नेहमी जो युक्तिवाद केला जातो तो मला पटत नाही. तो असा: लिस्प प्रोग्रामरवर विश्वास टाकते; विळीला धार असते म्हणून कुणी विळी घराबाहेर टाकत नाही. ऐकायला छान, पण दाखला फसवा आहे. विळीवर भाजी चिरणाऱ्याचं बोट कापलं तर ते त्याचं स्वतःचं असतं. वर सांगितलेल्या अदलाबदलीत मॅक्रो लिहिणारा एक आणि पस्तावणारा दुसराच. विश्वास टाकला तो पहिल्यावर, किंमत मोजली दुसऱ्याने. म्हणून भाषेत एखादी धोकादायक सोय ठेवावी की काढावी, याचा विचार ‘प्रोग्रामर शहाणा की वेंधळा’ इथून सुरू करणं मला व्यर्थ वाटतं. तो कधी शहाणा असतो, कधी वेंधळा, आणि बहुधा एकाच दिवसात दोन्ही. विचारायचं ते एवढंच: धोका पत्करला कुणी, तो पत्करल्याची खूण कोडमध्ये दिसते का, आणि फटका बसतो कुणाला?

आधी सोयीची किंमत नीट लावू. जॉन फोडेरारो यांनी १९९१ मध्ये लिस्पचं वर्णन प्रोग्राम करता येणारी प्रोग्रामिंग भाषा असं केलं. ही नुसती फुशारकी नव्हती. १९८० च्या दशकात ऑब्जेक्टची लाट आली, तेव्हा सी भाषेला ऑब्जेक्ट जोडण्यासाठी ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांना सीफ्रंट नावाचा आख्खा अनुवादक लिहावा लागला. तो नव्या भाषेतलं कोड घेई आणि त्याचं सी करून देई. कॉमन लिस्पची ऑब्जेक्ट व्यवस्था झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात घडली ती बऱ्याच अंशी लिस्पमध्येच लिहिलेल्या एका लायब्ररीच्या रूपात. ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिस्पवर चाले, लोक ती वापरून पाहत, तक्रारी करत, आणि तावूनसुलाखून निघाल्यावर मग ती प्रमाणात गेली. भाषेचा एवढा मोठा अवयव कंपायलर लिहिणाऱ्यांच्या मिनतवाऱ्या न करता वाढवता येतो, तो मॅक्रो आणि त्यांच्या सोबतच्या मोकळिकीमुळे.

कॅप्चरसुद्धा दर वेळी अपघात नसतो. पॉल ग्रॅहम यांच्या १९९३ च्या ‘ऑन लिस्प’ या पुस्तकात मुद्दाम कॅप्चर करणाऱ्या मॅक्रोंसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या ‘जर-तर’च्या एका मॅक्रोमध्ये अट तपासून जे हाती लागतं त्याला आपोआप ‘इट’ असं नाव मिळतं, म्हणजे ‘सापडलं तर ते छाप’ असं सरळ लिहिता येतं. ‘ते’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मला हा मॅक्रो फारसा आवडत नाही, हे इथेच सांगून टाकतो. एकात एक असे दोन वापरले की कुठला ‘इट’ कुठला हे शोधण्यात वेळ जातो. पण आवडत नाही आणि नसावा यांत अंतर आहे.

आणि समजा, नसावाच असं भाषेने ठरवलं, तर गरज कुठे जाते? जेम्स गॉस्लिंग यांनी जावा घडवताना मॅक्रो ठेवले नाहीत. ऑपरेटरांना नवे अर्थ देण्याची सोयही वगळली, कारण सी प्लस प्लसमध्ये तिचा गैरवापर त्यांनी पाहिला होता. निर्णय समजण्यासारखा आहे. पण तेच ते कोड पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा काही जावाने रद्द केला नाही. मग कोड लिहून देणारी अवजारं आली, चालू प्रोग्राममध्ये बाइटकोड तयार करणारी फ्रेमवर्क आली. लोम्बोक आलं. ते वर वर साधं अॅनोटेशन दिसतं, पण आतून कंपायलरच्या खासगी क्लासमध्ये हात घालून त्याच्या झाडात फांद्या जोडतं. म्हणजे मॅक्रो आलेच. फक्त भाषेने त्यांना नाव दिलं नाही, नियम घातले नाहीत, आणि त्यांनी बनवलेलं कोड उलगडून पाहायची सोय भाषेत ठेवली नाही. लिस्पमध्ये ‘मॅक्रोएक्सपँड’ म्हटलं की मॅक्रोने काय बनवलं ते समोर येतं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून जावा शिकून बाहेर पडलेली पिढी या अवजारांना ‘मॅजिक’ म्हणते आणि पुढे जाते. ज्याच्या आत पाहता येत नाही, त्याला तसंच म्हणावं लागतं.

याच जावाचा दुसरा दाखला जास्त बोलका आहे. तिच्या पोटात ‘अनसेफ’ नावाचाच एक क्लास होता. मेमरीला थेट हात लावू देणारा, फक्त जावाच्या स्वतःच्या लायब्ररीसाठी ठेवलेला, बाहेरच्यांनी वापरू नये असा. बाहेरच्यांनी तो वापरलाच. नेटी, कॅसँड्रा, स्पार्क यांसारख्या वेगाला हपापलेल्या प्रकल्पांना त्यावाचून चालेना. जावा ९ मध्ये आतले क्लास बंद करायचं घाटू लागलं, तेव्हा २०१५ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि २०१७ साली जावा ९ आलं त्यात ‘अनसेफ’ला वेगळ्या मॉड्यूलमध्ये अभय द्यावं लागलं. मग जावावाल्यांनी शहाणपणा केला. त्याच कामासाठी सुरक्षित मार्ग एकेक करून बांधले. बाहेरच्या मेमरीसाठीचा मार्ग २०२४ च्या मार्चमध्ये, जावा २२ सोबत, पक्का झाला. आणि त्याच वर्षी जावा २३ मध्ये ‘अनसेफ’च्या मेमरीला हात लावणाऱ्या मेथड मोडीत काढायची घोषणा झाली. धोकादायक सोय काढायचीच असेल तर क्रम हाच हवा, पण हेही खरं की मधली वर्षं ती नसती तर सुरक्षित मार्ग कशासाठी बांधायचा, हेच कुणाला कळलं नसतं.

दार लावून घेणाऱ्यांचं पुढे काय झालं हेही पाहण्याजोगं आहे. स्कीमच्या १९९८ च्या पाचव्या अहवालात मॅक्रो लिहायची जी पद्धत आहे, तिच्यात कॅप्चर करायला वाट ठेवलेली नाही. पण अल पेट्रोफ्स्की आणि ओलेग किसेल्योव यांनी त्याच पद्धतीतून कॅप्चर केल्यासारखे वागणारे मॅक्रो लिहून दाखवले. २००२ मध्ये किसेल्योव यांनी त्यावर निबंधच वाचला. बुद्धीची कसरत म्हणून तो वाचावा असा आहे, रोजच्या कामात कुणी तसं लिहू नये. २००७ च्या सहाव्या अहवालात स्कीमने अधिकृत पळवाट दिली. एलिक्सर ही भाषा डिफॉल्टने हायजिनिक. पण तिच्यात ‘व्हार’ शब्दापुढे उद्गारचिन्ह लावून कॅप्चर करता येतं. ज्युलियात त्याच कामासाठी ‘एस्केप’ आहे. स्वच्छतेचा आग्रह धरणाऱ्या भाषाही शेवटी अस्वच्छतेची एक लहानशी सोय ठेवतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण ती आळसातून आलेली नाही. वापरणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दार ठोठावल्यावर आली आहे.

यांत मला सगळ्यांत भावतो तो क्लोजरचा तोडगा. रिच हिकी यांनी २००७ मध्ये ही लिस्प बाहेर काढली. तिच्यात मॅक्रोचा साचा लिहिताना येणाऱ्या प्रत्येक नावाला ते कुठल्या नेमस्पेसमधलं आहे हे आपोआप चिकटतं. त्यामुळे साच्यात चुकून ‘टेम्प’ हे नाव बांधायला गेलात तर कंपायलर तिथेच अडवतो. नवं, एकमेव नाव हवं असेल तर नावाच्या शेवटी एक हॅश लावायचा, की झालं. आणि मुद्दाम कॅप्चरच करायचं असेल तर? नावाआधी दोन चिन्हं टाकायची, एक लाटेसारखी रेघ आणि एक अवतरणचिन्ह. बस. सोय गेली नाही, पण ती वापरताना हेतू लिहावा लागतो, आणि तपासणाऱ्याला तो दिसतो. कॉमन लिस्पमध्ये ‘जेनसिम’ने नवं नाव मागून घेतलं तर मॅक्रो तितकाच सुरक्षित होतो, पण तिथे काळजी घेणाऱ्याला जास्त लिहावं लागतं आणि बेपर्वा माणसाला कमी. एवढा एक हिशेब उलटा आहे. सोय ठेवण्याबद्दल कॉमन लिस्पशी माझं भांडण नाही, या उलट्या हिशेबाबद्दल आहे.

आता ज्या ठिकाणी मी दार लावीन ते सांगतो, नाहीतर हा सगळा युक्तिवाद म्हणजे मोकळिकीची आरती व्हायची. कॉमन लिस्पचा रीडर, म्हणजे मजकूर वाचून त्याचा डेटा करणारा भाग, हॅश आणि टिंब दिसलं की पुढचं एक्स्प्रेशन वाचतानाच चालवतो. स्वतःच्या सोर्स फाइलमध्ये हे उपयोगी आहे. एखादा तक्ता वाचतानाच तयार करून ठेवता येतो. पण तोच रीडर नेटवर्कवरून आलेला मजकूर वाचायला लावला, तर पाठवणारा जे लिहील ते तुमच्या यंत्रावर चालेल. क्लोजरनेही अशीच सोय वारशाने घेतली होती. २०१३ च्या १.५ आवृत्तीत त्यांनी निव्वळ डेटा वाचणारा वेगळा रीडर दिला. त्याच वर्षी जानेवारीत रूबी ऑन रेल्समध्ये उघड झालेली भेग याच जातीची होती. वेब रिक्वेस्टच्या आत दडवलेला यामल मजकूर वाचताना वाटेल ते ऑब्जेक्ट तयार होत आणि त्यातून परक्याचं कोड चाले. इथे धोका पत्करणारा कुणीच नाही. लायब्ररी लिहिणाऱ्याला वाटलं आपण डेटा वाचतोय, वापरणाऱ्याला रीडर काय करतो याचा पत्ता नव्हता, आणि फटका बसला तो ज्यांची माहिती त्या सर्व्हरवर होती त्यांना. तिन्ही प्रश्नांची उत्तरं वाईट. अशी सोय भाषेत असू द्या, पण मागितल्याशिवाय मिळता कामा नये.

जावास्क्रिप्टची कथा मधल्या पट्ट्यातली आहे. तिथे अंगभूत अॅरेला कुणीही नवी मेथड चिकटवू शकतो. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने ‘फ्लॅटन’ नावाची एक चिकटवली होती. वर्षांनंतर भाषेलाच ती मेथड हवी झाली, आणि २०१८ मध्ये लक्षात आलं की तेच नाव घेतलं तर मूटूल्सवर उभ्या असलेल्या जुन्या साइट मोडतात. गमतीने कुणीतरी ‘स्मूश’ हे नाव सुचवलं, त्यावर बराच हशा आणि थोडा संताप झाला, आणि शेवटी २०१९ च्या प्रमाणात ‘फ्लॅट’ आलं. मूटूल्सवाल्यांनी आपल्या सोयीपुरतं केलं, खूण कुठेच नव्हती, आणि बिल सगळ्या जगाच्या नावे फाटलं. रूबीने याच रोगावर २०१३ मध्ये ‘रिफाइनमेंट’ आणली: अंगभूत क्लास बदला, पण बदल मागेल त्या फाइलपुरताच. प्रत्यक्षात तिचा वापर फार दिसत नाही, हेही नमूद करायला हवं. चांगला कुंपणबंद पर्याय दिला म्हणून लोक तिकडे वळतातच असं नाही.

लिस्पने सगळंच जपून ठेवलं असंही कुणी समजू नये. पूर्वी तिथे ‘फेक्स्प्र’ नावाचा प्रकार होता. त्याला आर्ग्युमेंट न मोजता, कच्ची मिळत. काय मोजायचं ते तो चालताना ठरवी. पिटमन यांनी १९८० मध्ये त्याविरुद्ध लिहिलं: प्रोग्राम चालल्याशिवाय कंपायलरलाच काय, वाचणाऱ्यालाही एखाद्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही, तेव्हा हेच काम मॅक्रोंनी करावं. लिस्पवाल्यांनी ते ऐकलं. जॉन शट यांनी २०१० च्या प्रबंधात या प्रकाराची नव्याने बाजू मांडली, ती वाचनीय आहे, पण प्रवाह काही फिरला नाही. माझ्या मोजपट्टीवरही ते गाळणं योग्य ठरतं. फेक्स्प्र धोकादायक होता म्हणून नव्हे. धोका नेमका कुठे आहे ते खूण करून दाखवताच येत नव्हतं म्हणून.

आक्षेप असा घेतला जातो: हे सगळं एकट्यादुकट्याला ठीक, शंभर जणांच्या टीमचं काय? प्रत्येकाने आपापले मॅक्रो रचले तर प्रत्येक प्रोजेक्टची बोली वेगळी होईल आणि नव्या माणसाला आधी ती शिकावी लागेल. आक्षेपात तथ्य आहे. विमान तिकिटांचा शोध लिस्पमध्ये लिहिणारी आयटीए ही कंपनी गूगलने घेतली. गूगलच्या कॉमन लिस्पविषयीच्या नियमावलीचा सूर असा आहे की मॅक्रो वापरायची वेळ नेहमी येते, नवे लिहायची क्वचित. मला हे पटतं. पण नियमावली हे कुंपण टीमचं असतं, टीम ते हलवू शकते. भाषेने घातलेलं कुंपण हलवायला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते, आणि तोवर लोक लोम्बोक लिहितात.

या आक्षेपापेक्षा मला जास्त बोचणारी गोष्ट वेगळी आहे. रस्ट या भाषेने ‘अनसेफ’ हा शब्द आणि त्यापुढचा महिरपी कंस यांतून धोक्याला खूण करण्याचा उत्तम धडा घालून दिला. २०१५ च्या पहिल्या आवृत्तीपासून मेमरीशी खेळणारा भाग शोधायला एक शब्द शोधला की पुरतं. पण त्याच रस्टमध्ये प्रोसीजरल मॅक्रो कंपाइल होताना तुमच्या यंत्रावर तुमच्याच अधिकाराने चालतात, फाइल वाचू शकतात, नेटवर्कवर जाऊ शकतात, आणि त्याची खूण कुठेही नाही. २०२३ मध्ये सर्ड या अतोनात वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीने तिचा मॅक्रो आधीच कंपाइल केलेल्या बायनरीच्या रूपात धाडायला सुरुवात केली, तेव्हा आरडाओरडा होऊन तो बदल मागे घ्यावा लागला. पण बायनरीऐवजी सोर्स आला म्हणून मॅक्रोचे अधिकार कमी झाले नाहीत. लिस्पचंही अगदी हेच आहे, आणि सहा दशकं आहे. फरक इतकाच, की जुन्या काळी मॅक्रो शेजारच्या टेबलावरून येई. आता एक लायब्ररी मागवली की तिच्या मागून न पाहिलेल्यांच्या डझनभर येतात. भाषा तीच राहिली, पण फटका कुणाला बसतो याचं उत्तर बदललं. म्हणून एकदा ठेवलेली सोय कायमची निर्दोष ठरत नाही. मॅक्रो काढू नयेत, पण त्यांना चालायला कुंपणाची जागा द्यावी, आणि फाइल किंवा नेटवर्क हवं असेल तर मागून घ्यायला लावावं. रस्टमध्ये असे प्रयोग झाले आहेत. लिस्पमध्ये मॅक्रो आणि प्रोग्राम एकाच चालत्या प्रतिमेत, म्हणजे मेमरीतल्या एकाच जिवंत पसाऱ्यात, नांदतात, त्यामुळे तिथे हे फार अवघड जाणार.

ती चालती प्रतिमा मात्र मी कुणालाही काढू देणार नाही. नासाच्या डीप स्पेस १ या यानावर मे १९९९ मध्ये रिमोट एजंट नावाचा लिस्पमधला प्रोग्राम यानाचा कारभार पाहत होता आणि मध्येच अडकला. दोन कामं एकमेकांची वाट पाहत बसली होती. उड्डाणाआधी याच जातीच्या चुका मॉडेल तपासणाऱ्या स्पिन या अवजाराने शोधल्या होत्या, पण प्रोग्रामच्या दुसऱ्या भागात. पृथ्वीवरच्या चमूला यानावरच्या चालत्या लिस्पशी बोलता येत होतं, आणि चमूतल्या रॉन गॅरेट यांनी नंतर लिहिलं की निदान करताना ती सोय अमोल ठरली. चालू प्रोग्रामच्या पोटात हात घालू देणं ही कुठल्याही सुरक्षा-नियमावलीत पहिल्या पानावर खोडली जाणारी गोष्ट. इथे मात्र तिन्ही उत्तरं चोख होती: धोका पत्करणारे तेच, काय पाठवतोय ते त्यांच्यासमोर, आणि यानही त्यांच्याच ताब्यातलं.

कॉमन लिस्पचं प्रमाण १९९४ पासून गोठलेलं आहे आणि ते पुन्हा उघडण्याचा उत्साह कुणात दिसत नाही. रीडरने वाचताना कोड चालवायचं की नाही हे ठरवणारा एक स्विच त्यात आहे. तो सुरुवातीपासून ‘हो’वर आहे. भरीस भर म्हणून, लिहिण्यावाचण्याच्या सगळ्या मांडणीला प्रमाण रूप देणारा जो मॅक्रो सावध लोक वापरतात, तोही या स्विचला पुन्हा ‘हो’वरच आणतो. म्हणजे बाहेरचा मजकूर वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये तो ‘नाही’वर टाकणारी ओळ त्या मॅक्रोच्या आत लिहायची, बाहेर नाही. बाहेर लिहिली तर ती दिसायला दिसते आणि कामाला येत नाही.